शंभर टक्के निकाल कसा लावतात

शंभर टक्के निकाल कसा लावायचा हे मला विचारा. मी तो लागोपाठ कित्येक वर्षं लावला आहे आणि त्याबद्दल गळ्यात हारही घालून घेतले आहेत. परवा या अंकाचे संपादक घरी आले. चहा घेत म्हणाले, "सर, तुमच्या काळातल्या उज्ज्वल निकालाचं रहस्य आमच्या वाचकांना सांगा." म्हटलं, सांगतो, पण छापायची हिंमत ठेवा.

रहस्य एका ओळीत मावतं. जो नापास होईलसं वाटतं, त्याला परीक्षेला बसूच द्यायचं नाही.

एवढंच. यात कसली शिकवणी नाही, कसली नवी पद्धत नाही, गुरुजींचं रक्त आटवणं नाही. निकाल मोजतात तो बसलेल्यांतून. जो बसलाच नाही तो नापास कसा होईल? आजच्या शाळा चौकाचौकांत मुलांचे फोटो लावून मिरवतात, तेव्हा मी फोटो बघत नाही. जे फोटोत नाहीत ते कुठे गेले, हा प्रश्न मला पडतो, आणि माझं डोकं तापतं. तापायचा अधिकार मला नाही, हेही मला ठाऊक आहे.

मी गणिताचा मास्तर. मूळचा मेहकरचा. बुलढाणा जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी कॅथलिक मिशनची शाळा होती, तिथे मी उमेदीची सगळी वर्षं काढली. शाळेचं नाव लिहीत नाही. आज तिथे असलेल्या माणसांनी काही वाकडं केलेलं नाही. मी सांगतो आहे ते नवं महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाचं. मॅट्रिक म्हणजे अकरावी, आणि अकरावीचं गणित माझ्याकडे.

शाळा मिशनची असली तरी मुलं बहुतेक सगळी हिंदूंची. भाजीपाला करणाऱ्या माळ्यांची, कोरडवाहू शेतकऱ्यांची, बाजारपेठेतल्या दुकानदारांची. मुलींसाठी सिस्टर लोकांनी चालवलेलं बोर्डिंग होतं, म्हणून तर खेड्यातली माणसं आपल्या पोरी आमच्याकडे ठेवायला धजत. आमचे मुख्याध्यापक होते फादर. दक्षिणेकडचे. मराठी पुस्तकातून शिकले होते, त्यामुळे शिपायालाही 'आपण' म्हणायचे. माणूस मनाने वाईट नव्हता. पण गावात एक कुजबूज कायम असायची, की मिशनवाले पोरं बाटवतात. फादरांनी या कुजबुजीला एकच उत्तर शोधलं होतं. फाटकाशी मोठी काळी पाटी उभी केली होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात मॅट्रिकचा निकाल. कोणी काही बोललं की फादर त्या पाटीकडे बोट दाखवायचे. ती पाटी शंभरावरून घसरली तर शाळा घसरली, असं त्यांना खरोखर वाटायचं. आम्हालाही वाटायला लागलं होतं.

आता गाळण्याची रीत सांगतो. नाताळच्या आधी अकरावीची टेस्ट व्हायची. टेस्टमध्ये जो एका जरी विषयात पस्तिसाच्या खाली गेला, त्याचा बोर्डाचा फॉर्म मुख्याध्यापकांच्या सहीविना पडून राहायचा. सही नाही तर परीक्षा नाही. बाहेरून बसायचं म्हटलं तर आणखी वर्षभर थांबायचं. दुसऱ्या शाळांत, ज्यांना पाठवायचं त्यांची यादी लावत. आमच्याकडे ज्यांना गाळलं त्यांचीच यादी लागायची, प्रार्थनेच्या हॉलच्या दारावर. कारण काय, तर ती लहान असते, लिहायला सोपी पडते. मुलं गाळली जायची ती बहुतेक गणितात. म्हणजे यादी माझी. मला तिचा अभिमान होता हो! 'सरांच्या हातून कोणी सुटत नाही,' असं लोक म्हणत आणि माझी छाती फुगायची.

त्या वर्षी अकरावीत चंद्रकला होती. उंद्रीची, माळ्याची पोर, बोर्डिंगात राहायची. फार हुशार होती असं सांगून मी तुम्हाला रडवणार नाही. पहिल्या पाचांत नव्हती. पण पावकी-निमकी तोंडपाठ, भूमितीत हात चांगला, बीजगणितात थोडी अडखळायची. सरळ पास होणारी मुलगी. तिला मास्तरीण व्हायचं होतं. तिच्या बापाने, महादेवने, तिला शब्द दिला होता. तो मला शाळेच्या अंगणात एकदा म्हणाला होता, "यंदा मॅट्रिक झाली तं बुलढाण्याले ट्रेनिंगले धाडतो मास्तर. नाही झाली तं वैशाखात बार उडवून देतो. सोयरीक पाहूनच ठेवली हाये." म्हणजे तिच्यापुढे एकच वर्ष होतं. ते मला पक्कं माहीत होतं. मी नंतर अजाणतेपणाचा आव आणू नये, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

टेस्टचा गणिताचा पेपर शनिवारी होता. चंद्रकलाचा पेपर मी तपासला, तेव्हा पहिले दोन प्रश्न स्वच्छ सोडवलेले. तिसऱ्यात प्रमेय अर्ध्यावर आलं होतं आणि तिथून पेनाची एक रेघ तिरकी घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेली होती. पुढे सगळा कागद कोरा. त्या रेघेवर मी लाल शाईने फुली मारली. सत्तावीस गुण. कागदावर जे आहे त्याला गुण, हा माझा बाणा होता. पोर कोसळली की काय, असा विचारसुद्धा माझ्या मनाला शिवला नाही.

त्याच टेस्टमध्ये भाऊसाहेबांचा मुलगाही सत्तावीसच्या खाली होता, चांगला दहाने खाली. भाऊसाहेब म्हणजे मोठे जमीनदार. शाळेचं खेळायचं मैदान त्यांच्या जमिनीत होतं. फादरांनी मला बोलावून घेतलं. "आपण त्याची पुन्हा एकदा परीक्षा घ्यावी," म्हणाले, "कदाचित त्या दिवशी त्याची प्रकृती ठीक नसेल." मी भाऊसाहेबांच्या घरी गेलो. बैठकीत गादीवर बसून त्या मुलाने पेपर लिहिला आणि मी समोर बसून गरम भजी खाल्ली. पेपर मीच काढला होता. आठवीच्या पुस्तकातून. बळी तो कान पिळी म्हणतात, पण इथे कोणी माझा कान धरलाही नव्हता. मीच तो पुढे केला होता. मुलगा पास झाला, नाव यादीतून गेलं.

यादी लागली ती नाताळच्या कार्यक्रमाच्या दिवशी. आमच्याकडचा नाताळ म्हणजे गावाचा सण असायचा. लोक सहकुटुंब गोठ्याचा देखावा बघायला यायचे, पालक आपापल्या मळ्यातली भाजी जेवणासाठी आणून द्यायचे, आणि बोर्डिंगच्या मुली ख्रिस्तजन्माचं नाटक करायच्या. त्या वर्षी मरियम होती चंद्रकला. तिच्या बापाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. "लेकरू घेतलेली माय तं माय असते," म्हणाला होता.

दुपारी महादेव बैलगाडीतून फुलकोबी आणि गाजरं घेऊन आला. त्याला वाचता येत नव्हतं. पण एक शब्द यायचा. लेकीने विहिरीच्या भिंतीवर कोळशाने स्वतःचं नाव लिहून त्याला ओळखायला शिकवलं होतं. साऱ्या जगात छापलेलं, लिहिलेलं एवढंच त्याला वाचता येई. भाजी उतरवून तो हॉलच्या दाराशी आला आणि त्याला दारावरच्या कागदावर लेकीचं नाव दिसलं.

मी ओसरीत उभा होतो. पाहतो तर महादेव बाजारातून गुळाची ढेप घेऊन आलेला, आणि येईल त्याच्या हातावर खडा ठेवतो आहे. शिपायाला, गाडीवाल्यांना, देखावा बघायला आलेल्या बायकांना. मग माझ्याकडे आला. धोतराला हात पुसून माझ्या तळहातावर खडा ठेवला.

"तोंड गोड करा मास्तर. एवढ्या पोरापोरीईतून माह्या चंद्रकलाचं नाव दरवाज्यावर लावलं तुमी!"

मी तो गूळ खाल्ला.

यादी कसली आहे हे तोंडातून निघेना. समोर माणसं होती, सणाचा दिवस होता, आणि खरं म्हणजे मला त्या क्षणी तिथून निसटायचं होतं. तेवढ्यात चंद्रकला नाटकाच्या वेशातच बाहेर आली. निळं लुगडं डोक्यावरून घेतलेलं. तिने बापाच्या हातातली ढेप पाहिली, दाराकडे पाहिलं, आणि धावत येऊन त्याचा हात धरला.

"वाटू नोको बा. ज्याईले परीक्षेले बसू नाही देत, त्याईचे नावं हायेत ते."

महादेवला समजायला वेळ लागला. मला वाटलं आता हा ओरडेल. तो ओरडला नाही. उरलेली ढेप त्याने उपरण्यात बांधली आणि मला विचारलं, "मंग तुमी काऊन खाल्ला मास्तर?"



संध्याकाळी नाटक झालं. चंद्रकला न चुकता सगळं बोलली. बाळ मांडीवर घेऊन बसली. सगळं गाव तिची तारीफ करत घरी गेलं. महादेव थांबला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बोर्डिंगच्या सिस्टर लुसी माझ्याकडे आल्या. वसईकडच्या होत्या, मराठी त्यांची घरचीच. बोलणं रोखठोक. शिक्षकांच्या खोलीत उभ्या उभ्याच म्हणाल्या, "सर, टेस्टच्या आठवड्यात माझ्या बोर्डिंगात किती भाकऱ्या उरतात ठाऊक आहे? टोपलीभर. गाईला घालते मी. तुमच्या यादीच्या भीतीनं पोरी देवांना धरून बसतात. चंद्रकलानं काय केलं सांगू? सोमवारी महादेवाचा उपास. मंगळवारी अंगारकी आली. गुरुवारी दत्ताचा. शुक्रवारी आम्ही सिस्टर लोक एकदाच जेवतो, ते बघून येशूचा. शनिवारी मारुतीचा. आता तुम्ही गणिताचे. ती जेवली कधी ते सांगा."

"बुधवारी," मी म्हणालो.

"आणि पेपर शनिवारी. बाकावर डोकं टेकून पडली होती पोर. पहारा करणाऱ्या सरांना वाटलं झोपली."

मला ती तिरकी रेघ आठवली. तरी मी काय म्हणालो? "उपास करायला मी सांगितलं होतं का, सिस्टर?" असा मी. आपली चूक दिसली की माणूस आधी दुसऱ्याची शोधतो. सिस्टरांनी मला सरळ विचारलं, "भाऊसाहेबांच्या मुलाला परत बसवलंत ना? त्यानं कोणता उपास केला होता?" गावात काही लपत नाही.  मी म्हणालो, उद्या सकाळी घेतो तिचा पेपर.

सकाळी सिस्टरांनी चंद्रकलाला समोर बसवून भाकरी आणि पिठलं खायला लावलं, आणि मग मी पेपर दिला. या वेळी आठवीचा नाही. अकरावीचा, पुरता कठीण. सिस्टर दाराशी विणत बसल्या होत्या. तीन तासांनी पोरीने पेपर दिला. घरी जाऊन तपासला. अठ्ठावन्न. दोनदा तपासला. अठ्ठावन्नच.

तडक फादरांकडे गेलो. त्यांनी पेपर बघितला, चष्मा काढला. "आपण चांगलं केलंत," म्हणाले. "परंतु यादी लागलेली आहे. हिचं नाव काढलं, तर बाकीचे उद्या दाराशी येतील. प्रत्येक जण म्हणेल, मलाही पुन्हा बसवा. मग यादीला अर्थ काय?"

"फादर, मुदत अजून आहे. फॉर्म जाऊ शकतो."

"मला ठाऊक आहे."

"आणि भाऊसाहेबांचा मुलगा?"

"त्याचं नाव यादी लागण्यापूर्वी निघालं," फादर म्हणाले. हे ते इतक्या शांतपणे म्हणाले, की त्यात काही अन्याय आहे असं त्यांना वाटत नव्हतं हे मला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी एक विनंती केली. "मुलीला हे गुण सांगू नका. सिस्टरनाही नको. पास होऊनही बसता येत नाही, हे कळलं तर तिला जास्त दुःख होईल."

मी हो म्हणालो. नोकरी कायम होऊन वर्षही झालं नव्हतं. ही सबब आहे, कारण नाही. टेबलावर हात आपटून दुसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित फादर नरमले असते. माणूस दगड नव्हता. पण मी दुसऱ्यांदा विचारलंच नाही. आणि गुण लपवायची कल्पना मला दयाळूपणाची वाटली, कारण ती मला सोयीची होती. सिस्टरांनी विचारलं तेव्हा सांगितलं, अजून तपासला नाही. दोनदा सांगितलं. त्यानंतर सिस्टर माझ्याशी बोलेनाशा झाल्या. चंद्रकला व्हरांड्यात भेटली. "सर, कसा गेला माहा पेपर?" मी म्हणालो, "अजून तयारी करायला हवी होती." तिने मान हलवली आणि गेली. चार दिवसांनी महादेव तिची पेटी घेऊन गेला.

वैशाखात तिचं लग्न झालं. तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदच्या बाजूला दिली.

आणि भाऊसाहेबांचा मुलगा? तो पहिल्याच पेपरला आला नाही. त्याला ताप आला. हा ताप यावा असं कोणी कोणाला सुचवलं, ते मला पक्कं सांगता येणार नाही, पण बोर्डाच्या खऱ्या पेपरात तो तरणार नाही हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. तो बसला नाही, म्हणून मोजला गेला नाही. पाटीवर शंभर टक्के लागले. तिला नाकारलेली सही त्याच्या फॉर्मवर झाली आणि त्याने ती वाया घालवली. त्या उन्हाळ्यात माझा सत्कार झाला. हार घातला भाऊसाहेबांनी.

मी यादी करायचं काही वर्षांनी सोडलं. भांडून सोडलं, असं लिहायला मला आवडलं असतं. नवे मुख्याध्यापक आले, त्यांनी ते काम दुसऱ्याला दिलं, एवढंच खरं आहे. पुढे बोर्डाच्या परीक्षेला केंद्रावर देखरेख करायला मला गावोगाव पाठवायचे. निवृत्तीच्या आदल्या वर्षी जळगाव जामोदला गेलो होतो. परतीच्या गाडीची वाट पाहत एसटी स्टँडवर उभा होतो, तर एक बाई जवळ आली. केस अर्धे पांढरे, हातात पिशवी.

"वयखलं का सर? मी चंद्रकला. उंद्रीची."

तिच्या घरचं विचारलं. वडील कधीच गेले होते. शेती बरी होती, माणसं बरी होती. मग तिने विचारलं.

"एक गोष्ट इचारू का? सिस्टरनं जेऊ घालून माहा पेपर देववला होता पाहा. त्याच्यात मले किती मार्क भेटले होते?"

खोटं बोलता आलं असतं. तीस वर्षं बोललोच होतो.

"अठ्ठावन्न," मी म्हणालो.

"शंभरातून?"

"शंभरातून."

तिने पिशवी खाली ठेवली. "मंग तुमी तं म्हटलं होतं, अजून तयारी कराले पायजे होती."

"म्हणालो होतो."

"मी समजली, दुसऱ्या डावीही नापासच झाली." ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या गाडीकडे बघत होती. "इतके वर्सं मी सोताले ढ समजून राह्यली सर. माही पोरगी सातवीत गणितात अटकली. तिचे बाबा म्हणत होते, शिकू दे. मीच काहाडली तिले शायेतून. म्हटलं, माह्याच डोक्यात नाही, तं तिच्या कुठून येईन."

मी काहीतरी बोलायचं म्हणून घाईघाईने बोललो. म्हणालो, तिला परत शाळेत घाल, बाहेरून बसव, मी पुढच्या वर्षी रिकामाच आहे, मी येऊन शिकवतो.

"आता?" ती म्हणाली. "लगन होऊन दोन वर्सं झाले तिचं."

तिची गाडी लागली. तिने पिशवी उचलली, आणि एवढं सगळं झाल्यावरही, मास्तर भेटले की करायचं म्हणून, ती माझ्या पायांशी वाकली. मी पाय मागे ओढले. भर स्टँडवर तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.